शिमग्यानंतरचा आवाज

"गणिताच्या पेपरला मी जात न्हाई," शिवकन्या म्हणाली. दप्तर भिंतीकडे भिरकावून दिलं आणि भाकरीला न शिवता घोंगडीवर आडवी झाली.

अनुसयाबाई चुलीपाशी होती. तिला वाटलं, इंग्रजीचा पेपर वाईट गेला असेल. वाडीतल्या पोरांना इंग्रजी वाईटच जायचं. शिकवणाऱ्या मास्तरालाही ते फारसं चांगलं जात नव्हतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"एक पेपर बिघडला म्हून कोनी दहावी सोडतंय का? ऊठ, दोन घास खा."

"पेपर चांगला गेला."

"मंग काहून असं?"

पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. अनुसयाबाईनं चुचकारलं, हात धरून ओढलं, शेवटी वैतागून पाठीत एक धपाटा घातला. धपाटा बसल्यावर ती उठून बसली. डोळे कोरडे होते, पण ओठ असे आवळलेले, की अनुसयाबाईचा दुसऱ्या धपाट्यासाठी उचललेला हात तिथंच थांबला.

"मला काय मारतीस माय? गावात जा. कोनाच्याबी मोबाईलवर ऐक. साऱ्यायकडं हाये."

आता हे घर कसं, ते सांगायला हवं. अनुसयाबाईचा नवरा ज्ञानबा, त्याच्या सात पिढ्या मेंढ्यांमागं गेल्या. त्या घरात दहावीच्या पेपराला बसलेलं पहिलं माणूस म्हणजे शिवकन्या. मराठी-हिंदी झालं, इंग्रजी झालं, आता गणित, विज्ञान आणि इतिहास-भूगोल एवढेच उरले होते. आणि ते बुडावेत म्हणून टपून बसलेलं एक स्थळही होतं. अनुसयाबाईच्या थोरल्या जावेचा भाऊ, शिरड शहापूरकडे शंभर मेंढ्यांचा धनी, वयानं शिवकन्येच्या दुप्पट. दोनदा दारात येऊन चहा पिऊन गेला होता. "पास झाली तर बघू, पुढं शिकंल," असं सांगून अनुसयाबाईनं त्याला थोपवलं होतं. पोरगी पेपरालाच बसली नाही, तर तिसऱ्या चहाला नाही म्हणायला तिच्याकडे तोंड उरणार नव्हतं.

तिनं तवा उतरवला, पदर खोचला आणि शेजारच्या नर्मदाबाईकडे गेली. नर्मदाबाईचा लेक पुण्याला कंपनीत होता, त्यानं आईला चायना मोबाईल दिला होता. त्या फोनचा आवाज एवढा मोठा, की गल्लीत एकाला फोन आला तर चौघांच्या घरचं माणूस बाहेर यायचं.

"मला तर बाई बोलावंच वाटंना," नर्मदाबाई म्हणाली. तोंडानं हे चाललेलं असताना तिचा अंगठा मात्र बटणावर कधीच जाऊन बसला होता. अशी बाई प्रत्येक गल्लीत एक तरी असते, आणि तिचं तोंड धरून कोणी ठेवू शकत नाही.

फोनमधून आधी गलका आला. हलगीचा आवाज, पेटलेल्या लाकडांचा तडतडाट. मग एक पोरगा गळा ताणून ओरडला, "शिवकन्या कुनाची?" आणि सारं गाव गरजलं, "लालसिंगची!" पुन्हा तेच विचारणं, पुन्हा तेच उत्तर, आणि मग बोंब.

विचारणारा आवाज वाडीतल्या मोठ्या मालकाच्या, किसनरावाच्या स्वप्निलचा होता. हे ओळखायला अनुसयाबाईला एक क्षणही लागला नाही, कारण काय झालं होतं ते तिला माहीत होतं. लालसिंग म्हणजे वाडीवरून गोरेगावला जाणाऱ्या जीपचा चालक. पोरं त्याच्याच जीपमध्ये शाळेला जायची. संक्रांतीच्या सुमाराला स्वप्निल त्या जीपमध्ये बसून शिवकन्येच्या तोंडासमोर मोबाईल धरून फोटो काढत होता. तिनं लालसिंगला सांगितलं. लालसिंगनं जीप थांबवली, मालकाच्या पोराला कॉलर धरून खाली उतरवलं आणि गाडी पुढं नेली. स्वप्निल भर उन्हात वाडीपर्यंत चालत आला. त्याचा सूड त्यानं होळीला घेतला.

होळीची चाल साऱ्या गावाला ठाऊक होती. बाया घरात पुरणाचं बघायच्या आणि गडीमाणसं चौकात. एकानं नाव घ्यायचं, कोणाशी तरी जोड लावायची, बाकीच्यांनी साथ द्यायची. कोणाचंही नाव यायचं, सरपंचाचं, मास्तराचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचं. राग धरायचा नाही, हा नियम. होळीत बोललं ते होळीत जळतं, असं म्हणून दुसऱ्या दिवशी राख कपाळाला लावायची आणि गप्प बसायचं. पण शाळकरी पोरीचं नाव आजवर चौकात कोणी घेतलं नव्हतं. आणि शिमगा गेला तरी कवित्व उरतं म्हणतात, ते खिशात घालून शाळेच्या फाटकापर्यंत नेता येतं, हे तर कोणाच्या आजानंही पाहिलं नव्हतं.

"अजून एकबार लाव," अनुसयाबाई म्हणाली.

नर्मदाबाईनं हौसेनं लावलं. या खेपेला अनुसयाबाईनं शेवटपर्यंत कान दिला. गाव ओरडून थांबलं होतं. आणि साऱ्यांचं संपल्यावर, मागून, एकटाच एक घोगरा रुंद आवाज आला. "लालसिंगची!"

हा आवाज तिनं वीस वर्षं ऐकला होता. माळावर पांगलेला कळप याच आवाजानं वळायचा. ज्ञानबाचा आवाज होता तो. तिच्या नवऱ्याचा, शिवकन्येच्या बापाचा.

नर्मदाबाई तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "काय गं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," अनुसयाबाई म्हणाली. बाहेर येईपर्यंत तिनं एकच गोष्ट मनाशी धरली. पोरीनं हा शेवटचा आवाज ओळखला नसेल, गलक्यात तिला कळला नसेल, आणि आता कधी कळता कामा नये. बाकी जे करायचं ते आपण करू, पण एवढं तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही.

घरावरून ती सरळ पुढं गेली आणि किसनरावाच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. किसनराव चहा पीत होते. वाडीतलं निम्मं रान त्यांचं. उन्हाळ्यात ज्ञानबाच्या मेंढ्या रात्रीच्या त्यांच्याच रानात बसायच्या. शेताला खत मिळायचं आणि ज्ञानबाला धान्य. होळी पेटवायचा मानही त्यांच्याच घराकडे होता.

"मालक, तुमच्या पोरानं माझ्या लेकीचं नाव चौकात घेतलं."

"व्हय, ऐकलं मी." किसनरावांनी बशी खाली ठेवली. "होळीतल्या बोलन्याचा राग धरायचा न्हाई, अनुसया. आजा-पंज्यापासूनची चाल हाये."

"आजा-पंज्याकडं मोबाईल न्हवता. तवाचं बोलनं होळीत जळायचं. तुमच्या पोरानं ते जळू दिलं का? फोनात भरून गोरेगावला धाडलं, सेनगावला धाडलं. शाळेच्या दारात पोरं लावून राहिलेत."

किसनरावांनी आत हाक मारली. स्वप्निल बाहेर आला. केसांना पाणी लावलेलं, अंगात नवा शर्ट, आणि तोंडावर असं हसू की अनुसयाबाईला पायातली वहाण काढावीशी वाटली. पण वहाण काढली की बोलायचं राहून जातं, एवढं तिला कळत होतं.

"काढून टाक रे ते," बाप म्हणाला.

स्वप्निलनं फोन तिच्यासमोर धरला, दोन बटणं दाबली. "हे बघा मावशी. डिलीट. गेलं."

"आन ज्यायला धाडलं त्यायच्या फोनातून?"

"ते आता माझ्या हातात न्हाई." हे मात्र तो खरं बोलला, आणि खरं बोलतानाही हसतच होता.

"म्हंजे आग लावताना हात व्हता, इझवताना हात न्हाई?"

"ए बाई, तोंड सांभाळ," किसनराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला गुळाचा लेप उतरला होता. "पोरगी वयात आली, तिला जीपमध्ये धाडलं, आता बोंब काहून मारतीस? स्थळ आलंय म्हनं, उरकून टाक. आन मला जाब इचारायच्या आधी तुझ्या नवऱ्याला इचार. तोबी व्हता चौकात. यंदाच्या उन्हाळ्यात मेंढ्या कोनाच्या रानात बसवनार हाये, तेबी इचारून ये."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. अनुसयाबाई वळली. ओट्याच्या पायऱ्या उतरताना मागून स्वप्निल हलक्या आवाजात काहीतरी म्हणाला आणि आतून कोणीतरी खिदळलं. तिनं वळून बघितलं नाही.

ज्ञानबा माळावर होता. संध्याकाळ व्हायला आली होती. वाघुराची जाळी लावून मेंढ्या आत घातल्या होत्या, आणि तो एका कोकराच्या पायातला काटा काढत बसला होता. तिला येताना पाहून त्यानं मान वर केली नाही. यावरून तिला कळलं की याला सगळं ठाऊक आहे.

"गाव काय ऐकून राहिलंय, ते ऐकलंत का?"

"होळीतलं हाये. चार दिसांनी इसरत्याल."

"तुमी ऐकलंत का, म्हनते मी."

"मला काय करायचं ऐकून?" कोकरू धडपडलं, त्यानं ते गुडघ्यात दाबून धरलं.

"तुमी बी ओरडला."

"सारेच ओरडले. मी काय एकला व्हतो?"

"साऱ्यायचं झाल्यावर ओरडला तुमी. मागून. एकटेच." ती वाकून त्याच्या तोंडासमोर आली. "म्हंजे लेकीचं नाव बराबर ऐकलं. ऐकून गप राहिला. इचार केला. आन मंग ओरडला."

ज्ञानबानं काटा काढला, थुंकी लावली, कोकरू सोडून दिलं. ते आईकडे पळालं. तरी तो खालीच बघत होता.

"सपन्या माझ्याकडंच बघून राहिला व्हता," तो म्हणाला. "सारे बघून राहिले व्हते, की हा काय करतो. होळीत ज्याला राग आला त्याचं काय व्हतं, ठावं हाये ना? दगडोबानं एकबार राग धरला. म्हातारा झाला, तरी पोरं त्याला रागोबाच म्हनत्यात. आन किसनरावाच्या पोराच्या अंगावर काठी घेऊन गेलो असतो, तर मेंढ्या कुठं बसवल्या असत्या? तुझ्या बापाच्या रानात?"

"म्हून लेक लालसिंगला देऊन टाकली?"

"तोंड आवर."

"न्हाई आवरत. रागोबा म्हनतील म्हून भेला तू. लोकं हसतील म्हून भेला. माझं लेकरू घरात भितीकडं तोंड करून पडलंय, त्याला कोन हसून राहिलंय ते बघ जाऊन."

लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. दोघांनाही ते जाणवलं. ज्ञानबानं काठी उचलली, तिला वाटलं आता मारणार. पण तो काठी घेऊन वाघुराच्या पलीकडे गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. निदान काहीतरी केलं म्हणायला.

सकाळी ती जीपच्या थांब्यावर गेली. गणिताच्या पेपराला पोरीला वेळेवर पोचवणारी ही एकच गाडी. लालसिंगनं तिला लांबूनच पाहिलं आणि हात जोडले.

"ना बाई. तुमच्या लेकीला मी गाडीत बसवनार न्हाई."

"लालसिंगभाऊ, दुसरी गाडी न्हाई."

"मला ठावं हाये. पर माझी बायको, पेमा, तांड्यावर माहेरी जाऊन बसलीय. माझी थोरली पोरगी तुमच्या लेकीच्या वर्गात बसायच्या वयाची हाये, तीसुद्धा बोलंना. जिथं गाडी उभी करतो तिथं पोट्टे तेच लावून राहिले." त्याचे डोळे लाल झाले होते. "मैंने क्या किया बाई? पोट्टेको नीचे उतारा, बस. भल्याचा जमाना न्हाई राहिला. मला तकलीफ देऊ नका."

त्याच्यावर चिडायचंही अनुसयाबाईला जमलं नाही. भलं केलेल्या माणसालाच होळीत टाकलं होतं गावानं.

त्याच दिवशी बीटचा पोलीस जमादार वाडीवर आला. आठवड्यातून एकदा यायचा, मारुतीच्या पारावर बसायचा, किसनरावाकडचा चहा प्यायचा आणि 'सब ठीक' म्हणून फटफटीवर परत जायचा. अनुसयाबाईनं शिवकन्येला हाताला धरून उठवलं. "चल," म्हणाली. पोरगी नको नको करत होती, पण आईच्या मुठीतून हात सुटत नव्हता. वाटेत तिनं माळाकडच्या एका पोराला हाक मारून ज्ञानबाला निरोप धाडला. निरोप एवढाच, की जमादार आलाय, बायको-लेक पारावर आहेत, यायचं असलं तर या.

पारावर दहा-पंधरा माणसं होती. किसनराव होतेच, स्वप्निल बापाच्या मागं उभा होता. अनुसयाबाईनं सगळं सांगितलं. जमादारानं मिशीवर हात फिरवला आणि एकाकडून फोन मागून घेतला. ते बोलणं कोणाच्या फोनात मिळतंय का बघायला इकडंतिकडं हिंडावं लागलं नाही, पारावर बसलेल्या प्रत्येकाकडे ते होतं.

"लिहून घ्यायला माझी ना न्हाई बाई," जमादार म्हणाला. "पण कोणावर लिहू? हा पोरगा तर नुसतं विचारतोय. उत्तर सारं गाव देतंय."

"पाचामुखी परमेश्वर, जमादारसाहेब," किसनराव हसून म्हणाले. "करा केस साऱ्या गावावर. आमी आपले चालत येतो ठान्यात, रांगेनं."

माणसं हसली. हसताना एकमेकांच्या मांडीवर थाप मारत होती. काल-परवापर्यंत यातलीच काही शिवकन्येला 'हुशार हाये पोरगी' म्हणत होती.

"विचारणारा आवाज माझा कशावरून?" स्वप्निल मागून म्हणाला. "चौकात काय कमी पोरं व्हती?"

"चौकात हजर असलेला एक माणूस पुढं येऊन सांगतो का?" जमादारानं विचारलं. "कोण ओरडलं, नाव घेऊन? एक साक्षीदार पाहिजे मला. ही बाई तर चौकात नव्हती."

हसणारी तोंडं जमिनीकडे वळली. गाव करील ते राव काय करील म्हणतात. गावाला गप्प बसायचं असलं की ते कसं एकदिलानं गप्प बसतं, हे अनुसयाबाई बघत होती. तिचा संताप असा उसळला होता, की समोरचं कोणीच तिला नीट दिसत नव्हतं.

ज्ञानबा कधी येऊन माणसांच्या मागं उभा राहिला, ते तिला कळलं नाही. जमादारानं तेवढ्यात फोनचं बटण दाबलं. हलगी, तडतडाट, "शिवकन्या कुनाची?" आणि गाव. ज्ञानबानं हे अजून ऐकलं नव्हतं. लोक लावायला लागले की तो उठून जायचा. आता जायला जागा नव्हती. पोरगी समोर उभी होती, बायको तिच्याजवळ, आणि फोनातून त्याचाच आवाज, सगळ्यांच्या मागून, एकटा आला.

जमादारानं फोन बंद करायला हात नेला.

"थांबा," ज्ञानबा म्हणाला. गर्दी बाजूला झाली. तो पुढं आला. "इचारनारा सपन्या हाये. मी त्याच्या शेजारी उभा व्हतो. आन हा शेवटचा आवाज माझा हाये. पयलं नाव माझं लिव्हा."

"ज्ञानबा, शुद्धीवर हाईस का?" किसनराव उठून उभे राहिले. "सोताच्या पोरीच्या केसमधी सोताचं नाव?"

"व्हय."

"माझ्या रानात मेंढी पाय ठेवनार न्हाई तुझी. आजपासून."

"न्हाई ठेवनार."

"साऱ्या गावाला तोंडघशी पाडून राहिलास. होळीतलं बोलनं चावडीवर आनतोस? रागोबा!"

कोणी हसलं नाही. जमादारानं खिशातून पेन काढलं. बापच कबूल झाला म्हटल्यावर आता त्यालाही चहा पिऊन परत जाता येणार नव्हतं. त्यानं स्वप्निलकडे हात पसरला, फोन घेतला आणि बापलेकाला दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं. स्वप्निलचं हसू पहिल्यांदाच गेलं. तो बापाकडे बघायला लागला, आणि बाप जमादाराकडे.

अनुसयाबाईला यातलं काहीच नीट ऐकू येत नव्हतं. ज्या गोष्टीपासून तिनं लेकीला जपलं होतं, तीच तिच्या बापानं साऱ्या गावासमोर बोलून टाकली होती. तिनं घाबरून शिवकन्येकडे बघितलं.

"मला ठावं व्हतं, माय," शिवकन्या म्हणाली. हळू बोलली, पण आता पार इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "पेपर सुटल्यावर फाटकापाशी पोरायनं लावलं व्हतं. सपन्या ओरडला तवा मला काहीच वाटलं न्हाई, तो हाये तसाच. गाव ओरडलं तरी मी चालत व्हते. मंग शेवटी आबा ओरडले."

ज्ञानबा जागच्या जागी खाली बसला. पारावरच्या मातीत, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. अनुसयाबाईला त्याची कीव आली नाही. तिला एवढंच कळलं, की पोरगी दोन दिवस हे एकटी पोटात घेऊन पडली होती, आणि आपण तिला स्वप्निलपासून वाचवायला गावभर पळत होतो.

"उद्या मी सोडतो पेपरला," ज्ञानबा खालूनच म्हणाला. "चालत जाऊ. पहाटे निघू."

"पेपरला मी जानार," शिवकन्या म्हणाली. "तुमी येऊ नका."

ती घराकडे निघाली, तिच्या मागं अनुसयाबाई. रात्रभर पोरगी कंदिलापाशी गणितं करत बसली होती. बाप माळावरून आलाच नाही.

पहाटे मायलेकी पायीच निघाल्या. पुलापर्यंत आल्या असतील, तेव्हा मागून जीप आली आणि शेजारी थांबली. पुढच्या सीटवर लालसिंगची पेमा बसली होती, आरशांची ओढणी कपाळापर्यंत ओढून. पारावरचं बोलणं तांड्यापर्यंत पोचलं होतं. तिनं दार उघडलं आणि शिवकन्येला आपल्या शेजारची जागा दाखवली.

"इथं बस माझ्यापाशी," ती म्हणाली. "बघू कोन काय बोलतो ते." वाटेभर ती तोंड खिडकीबाहेर काढूनच बसली होती, कोणी बोलावं म्हणून जणू वाटच बघत होती. कोणी बोललं नाही.

त्या दिवशी गोरेगावचा बाजार होता. शिवकन्या फाटकातून आत गेली आणि अनुसयाबाई बाहेर लिंबाखाली बसली. थोड्या वेळानं तिला बाजारात घोळका दिसला. मध्ये ज्ञानबा उभा होता. तो रातोरात चालत येऊन पोचला होता, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. तो एकेकाला गाठून फोन दाखवायला सांगत होता.

"भाऊ, त्यात माझा आवाज हाये," तो म्हणत होता. "मी बाप हाये तिचा. ते काढून टाक."

"कोनता आवाज? हा का?" एकानं मुद्दाम लावलं. घोळका हसला. ज्ञानबा पूर्ण ऐकेपर्यंत उभा राहिला.

"हाच. शेवटचा. आता काढ."

त्यानं काढलं की नाही कोण जाणे. ज्ञानबा पुढच्याकडे गेला. चहाच्या हॉटेलात गेला, केस कापायच्या दुकानात गेला, बियाण्याच्या दुकानासमोर बसलेल्या पोरांकडे गेला. कोणी शिवी दिली, कोणी 'येडा झाला म्हातारा' म्हटलं, कोणी पुन्हा पुन्हा लावून दाखवलं. दोघा-चौघांनी मात्र न बोलता बटण दाबलं आणि मान फिरवली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला फोनातलं काही काढता येत नव्हतं, त्यानं फोनच ज्ञानबाच्या हातात दिला, आणि ज्ञानबालाही काही येत नव्हतं. मग दोघं मिळून शाळकरी पोराला शोधायला निघाले.

पेपर सुटला. शिवकन्या बाहेर आली. "सोपा व्हता," ती आईला म्हणाली, आणि मग तिलाही तो घोळका दिसला. तिचा बाप हात जोडून एका पोरापुढं उभा होता. पोरगा फोन त्याच्या कानाशी धरून हसत होता.

अनुसयाबाईचा जीव अर्धा झाला. कितीही राग असला तरी वीस वर्षांचा नवरा होता. "चल गं," ती म्हणाली. "लई लोकं बघून राहिलेत. त्यायला म्हनावं, बस झालं. घरी चला."

शिवकन्या जागची हलली नाही. तिनं बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. तिथं एक टपरी होती, जिथं पोरं मोबाईलमध्ये गाणी भरून घ्यायची.

"त्या टपरीत अजून गेले न्हाईत," ती म्हणाली. "तिथूनच सारे भरून नेतात."

आणि ती शाळेच्या पायरीवर बसली. बाप तिकडे वळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.